शौकाचा हिशेब : घरगुती यंत्रांवरची नक्षी आणि आपला व्यापार

आमच्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी पंचवीस हजार रुपयांचे एक यंत्र घरी आणले, तेव्हा आम्ही त्याला जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. यंत्र कशाचे, तर प्लास्टिकची दोरी वितळवून तिच्यापासून वस्तू तयार करण्याचे. इंग्रजीत त्याला थ्रीडी प्रिंटर म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यावर एक हत्ती, एक शिट्टी आणि मोबाईल टेकवण्याचे तीन घोडे निघाले. आम्ही म्हणालो, एवढ्या पैशात सोलापुरी चादरींचा एक चांगला गठ्ठा आला असता. तो म्हणाला, "मामू, गठ्ठा विकून संपला असता. हे रोज नवे काहीतरी देईल."

हे उत्तर आम्हाला तेव्हा उद्धटपणाचे वाटले. आज आम्ही त्यावर लिहावयास बसलो आहोत, कारण अशी यंत्रे आता अनेक घरांत, शाळांत आणि गल्लीबोळांतल्या दुकानांत शिरली आहेत. तरुण मुले त्यांवर दिवे, नावाच्या पाट्या, खेळणी, दागिने, जाळीचे डबे असे नाना प्रकार करीत असतात. आई-बाप त्याला वेळेचा आणि पैशाचा नाश म्हणतात, नाहीतर लगेच म्हणतात, "मग विक ना!" आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. व्यापाऱ्याच्या नजरेने या शौकाचा नीट हिशेब मांडला पाहिजे.

कापडवाल्याला हे यंत्र परके नाही

प्रथम यंत्रे समजून घेऊ. थ्रीडी प्रिंटरमध्ये लागणारी प्लास्टिकची दोरी पावणेदोन मिलिमीटर जाडीची असते आणि एक किलोच्या रिळावर येते. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून होणारे पीएलए नावाचे प्लास्टिक त्यात अधिक चालते. एक किलोत सुमारे 335 मीटर दोरी भरते. आपण पॉलिस्टरचे सूत 75 किंवा 150 डेनियरमध्ये मोजतो. त्या मापाने ही दोरी सत्तावीस हजार डेनियरच्या आसपास जाते! यंत्र ती सुमारे 200 अंश सेल्सिअसवर वितळवते आणि बारीक तोटीतून एकावर एक थर घालते. थराची जाडी साधारण 0.2 मिलिमीटर. म्हणजे वीतभर उंच, वीस सेंटिमीटरच्या दिव्याच्या टोपीला एक हजार थर. मागावर एकेक बाणा पडत कापड पुढे सरकते, तशी ही वस्तू वर सरकते.

दुसरे यंत्र लेसर कटरचे. हे किरणाने लाकडी प्लाय, ॲक्रिलिक, कागद, चामडे आणि कापड कापते. कापडाच्या व्यापाऱ्यांना त्याची ओळख आहेच. पॉलिस्टरवर लेसर फिरला की कड वितळून बंद होते आणि धागे सुटत नाहीत. सुती कापडाची कड मात्र करपून तपकिरी होते. तिसरे यंत्र म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारा राऊटर.

या तिन्ही यंत्रांचे मूळ तत्त्व एकच : नक्षी एकीकडे आणि तिला राबवणारे यंत्र दुसरीकडे. हे तत्त्व आपल्याच धंद्यातले आहे. फ्रान्समधील लियाँ शहराचे जोसेफ मारी जॅकार्ड यांनी 1804 साली छिद्रांच्या कार्डांवर चालणारा माग पुढे आणला. कार्डाला छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची हीच कल्पना उचलली. म्हणजे आज संगणक जो हुकूम यंत्राला देतो, त्याचा एक पूर्वज मागावर बसलेला होता. आमच्या सोलापुरात चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर घर-घर रंगवला जाई, मग त्यावरून कार्डे पंच होत. मोर काढणारा, कार्ड पंच करणारा आणि माग चालवणारा या तिघांना तीन मजुऱ्या मिळत. भाच्याच्या खोलीत हे तिन्ही कारागीर एकाच मुलाच्या अंगात आले आहेत, एवढाच काय तो फरक.

हे लोण आले कोठून?

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड यांनी 1998 साली 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा अर्थाच्या नावाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून 'फॅब लॅब' नावाच्या छोट्या कार्यशाळांची कल्पना पुढे आली. त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी एक 2002 साली आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ गावी सुरू झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापन केला होता. शाळेत न रमलेल्या खेड्यातील मुलांना हाताने काम करीत शिकवणे हे त्यांचे ध्येय होते. तेव्हा दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावाने हे काम मुंबई-पुण्याच्या आधी हाती घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे 2005 साली इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातील ॲड्रियन बॉयर यांनी असा थ्रीडी प्रिंटर करावयास घेतला, की जो स्वतःचेच अनेक भाग छापू शकेल. आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. 2009 साली या पद्धतीचे मूळ पेटंट संपले. तेथून किमती घसरत गेल्या आणि लाखांत मिळणारे यंत्र हजारांत आले. आपल्याकडे नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभारण्यास मदत सुरू केली. एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान होते, आणि अशा दहा हजार प्रयोगशाळा देशभर झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्या आहेत. आपल्या गावातील कोणत्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे आणि तिचे दार आठवड्यातून किती वेळा उघडते, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे.

शौकाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना 2020 सालची आठवण देतो. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत दवाखान्यांना चेहरा झाकण्याच्या ढाली मिळेनात. तेव्हा मुंबईच्या मेकर्स असायलम या हौशी कारागिरांच्या कार्यशाळेने लेसरने कापता येईल असा सोपा आराखडा तयार केला आणि निरनिराळ्या शहरांतील कार्यशाळांनी त्यावरून ढाली काढल्या. मोठ्या कारखान्यांचे साचे तयार होईपर्यंत हौशी हात उपयोगी पडले. जो एरवी दिव्याची टोपी करीत बसतो, त्याच्याच अंगी त्या दिवसाची तयारी असते.

आमच्या ठशाची गोष्ट

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या वडिलांच्या वेळी थानाच्या टोकाला दुकानाचा ठसा मारण्याची रीत होती. सागवानी ठसा, वर उर्दूत दुकानाचे नाव, खाली मराठीत. उर्दू नाव शहरातील एका कातिबसाहेबांनी लिहून दिले होते आणि कोरणाऱ्याने ते लाकडात उतरवले होते. तो ठसा मधोमध तडकला. कोरणारा केव्हाच निवर्तला होता. आम्ही ठसा कपाटात ठेवून दिला आणि विसरलो.

भाच्याने तो पाहिला आणि म्हणाला, "करून देतो." पहिला ठसा त्याने प्लास्टिकचा छापला. अक्षरे ठशावर सुंदर वाचता येत होती; म्हणजे कापडावर ती उलटी उमटली! आम्ही पोटभर हसलो. दुसऱ्यांदा आरशातल्यासारखी उलटी करून छापली, तर प्लास्टिकच्या रेघांवर शाई सारखी धरेना. तिसऱ्यांदा त्याने लेसरच्या दुकानातून तीन मिलिमीटर प्लायमध्ये अक्षरे कापून आणली आणि सागाच्या ठोकळ्यावर चिकटवली. येथे नवीच अडचण आली. उर्दू अक्षरांचे नुक्ते, म्हणजे टिंबे, सुटी कापली गेली. त्यांतले एक निसटले, दुसरे जागा चुकून बसले. शब्दाच्या मध्यात खालचे टिंब वर गेले की 'बे'चा 'नून' होतो. ज्या दुकानाचे नाव तीस वर्षे वहीवर लिहिले, तेच आम्हाला वाचता येईना.

खरी अडचण पुढे होती. नुक्ते जागेवर बसवूनही ठसा आमचा वाटत नव्हता. त्याने नाव संगणकातील तयार अक्षरांत लिहिले होते. ती अक्षरे शुद्ध होती, पण वडिलांच्या ठशाची ऐट त्यांत नव्हती. मग आम्ही जुन्या वह्या काढल्या. एका वहीच्या पुठ्ठ्यावर मूळ ठशाची स्वच्छ छाप सापडली. तिचा फोटो संगणकात घेतला, पण शाई पसरल्याने अक्षरे फुगली होती. कोणती कड शाईची आणि कोणती कलमाची, हे यंत्राला कळत नाही.

ते आम्हाला कळत होते. आम्ही उर्दू शाळेत लाकडी तख्तीवर बोरूने अक्षरे घोटली आहेत. नस्तालिकमध्ये अलिफ तीन कत उंच, हे उस्तादांनी बोटांवर पट्टी मारून शिकवले होते. कत म्हणजे कलमाच्या टोकाची रुंदी. त्या विद्येचा व्यापारात कधी पैसाभरही उपयोग झाला नव्हता. चार संध्याकाळी मामा-भाचे शेजारी बसलो. तो विचारी, "मामू, ही शेपटी कुठे संपते?" आम्ही कागदावर कलमाने काढून दाखवीत असू, तो पडद्यावर रेघ सारीत असे. पाचव्या दिवशी ठसा झाला. आम्ही तो एका कोऱ्या चादरीच्या टोकाला मारला आणि घरातील सर्वांत वडील माणसाला, म्हणजे आमच्या अम्मांना दाखवला. त्या म्हणाल्या, "हा तर आपल्याच दुकानाचा आहे." ठसा नवा आहे हे त्यांना सांगावे लागले.

एक जुनी उधारी

त्या चार संध्याकाळी आमच्या मनात एक वेगळाच हिशेब चालला होता. ज्या कातिबसाहेबांनी ते नाव लिहिले, ते आमच्या लग्नपत्रिका, पावत्या, पाट्या सारे लिहीत. 1994 साली इनपेज नावाचे उर्दू लिहिण्याचे संगणकीय साधन आले. काही वर्षांत आमच्या शहरातही ते पोचले. कामे स्वस्तात आणि तासाभरात होऊ लागली. आम्ही कातिबसाहेबांकडे जाणे बंद केले. कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. पन्नास-शंभर रुपये वाचत होते, म्हणून बंद केले. ते दोनदा दुकानात येऊन, काही काम आहे का, असे विचारून गेले. तिसऱ्यांदा आले नाहीत. आज ते हयात नाहीत.

त्यावेळी आम्ही समजलो की संगणकाने हात हटवला. वस्तुस्थिती तशी नाही. संगणकात जे नूरी नस्तालिक शिरले, ते पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडांवर उभे होते. 1981 साली तेथील 'जंग' दैनिक त्यावर छापू लागले. म्हणजे संगणकातही गेला तो एका कातिबाचाच हात. चूक यंत्राची नव्हती. आमच्या कातिबसाहेबांना संगणकाच्या शेजारी खुर्ची देण्याचे आम्हाला सुचले नाही, ही आमची चूक होती. त्यांचा हात यंत्रात उतरला असता, तर आमच्या शहराची लिपी वेगळी उठून दिसली असती आणि त्यांची रोजीही चालली असती.

विकावयाचे असेल तर

ठसा झाल्यावर भाच्याला हुरूप आला. त्याने जाळीच्या नक्षीची एक दिव्याची टोपी केली आणि होल्डर-वायरसकट पाचशे रुपयांना विकावयास काढली. म्हणाला, "दोनशे सत्तरचे सामान, दोनशे तीस नफा." आम्ही वही उघडली.

प्लास्टिक 150 ग्रॅम, किलोला हजार धरून, दीडशे रुपये. होल्डर-वायर 120. यंत्र दहा तास चालले. वीज एक युनिटच्या आसपास, दहा रुपये. यंत्राची किंमत पंचवीस हजार आणि आयुष्य अडीच हजार तास धरले, तर तासाला दहा, म्हणजे शंभर रुपये घसारा. आठांत एक नग बिघडतो, त्याचे पस्तीस. पॅकिंग तीस. घासून-पुसून जोडण्याचा एक तास, मजुरी शंभर. बेरीज 545 रुपये. म्हणजे नफा राहिला दूर, प्रत्येक नगाला पंचेचाळीस रुपये खिशातून जात होते. आणि यात नक्षीचे वीस तास धरलेलेच नाहीत. तासाला दीडशे धरले तर ते तीन हजार होतात. एकच नग विकला तर किंमत 3,545, दहा विकले तर प्रत्येकी 845, शंभर विकले तर 575. त्याखाली फारसे जाता येत नाही.

या शौकाच्या व्यापाराचे सारे मर्म या आकड्यांत आहे. कारखान्यात साचा महाग आणि नग स्वस्त. दहा हजार नग काढले की साच्याची किंमत विरून जाते. या यंत्रांत साचाच नाही. त्यामुळे पहिला नग आणि शंभरावा नग यांना यंत्राचा वेळ सारखाच लागतो. जी वस्तू बाजारात ढिगाने मिळते, तिच्याशी हा मुलगा कधी टक्कर देऊ शकणार नाही. पण जी वस्तू एकाच माणसाला, एकाच मापाची, एकाच नावाची हवी असते, तेथे कारखाना हात टेकतो. तडकलेला ठसा, बंद पडलेल्या जुन्या शिलाई यंत्राची न मिळणारी चक्री, एखाद्याच्या आजोबांच्या हस्ताक्षरातली पाटी, वाकड्या कोनाड्यात नेमकी बसणारी जाळी, ही त्याची बाजारपेठ. तेथे गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही, कारण दुसरे दुकानच नसते. आम्ही व्यापारी हजार मीटरखाली नक्षी हातात घेत नाही. हा एका नगासाठी घेतो. त्याने एका नगाचा भाव सांगावयास शिकले पाहिजे.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली : रेक्झिन किंवा पीव्हीसी लेसरखाली कधीही घालू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी, आम्लधर्मी वायू निघतो. छातीला घातक आणि यंत्रालाही. कापडाच्या दुकानातील तुकडे मुलांच्या हाती जातात, तेव्हा कोणते काय आहे हे आपणच सांगितले पाहिजे.

दुसरी : लेसर चालू असताना यंत्रापासून उठून जाऊ नये. प्लाय आणि कापड पेट घेतात.

तिसरी : संगणकावर फुकट मिळणारे सारेच आराखडे विकण्यासाठी मोकळे नसतात. पुष्कळांवर, वापरा पण विकू नका, अशी अट असते. ती वाचावी. दुसऱ्याची नक्षी उचलून विकणे ही चोरीच, मग ती मागावर असो की यंत्रावर.

चौथी : स्वतःची नक्षी चांगली चालेल असे वाटत असेल, तर बाजारात दाखवण्याआधी 2000 सालच्या डिझाईन कायद्याखाली तिची नोंदणी करावी. संरक्षण दहा वर्षांचे असते आणि पुढे पाच वर्षे वाढते. नोंदणीयोग्य नक्षी न नोंदवता यंत्रावर पन्नासहून अधिक नग काढले, तर 1957 च्या कॉपीराईट कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे तिच्यावरचा कॉपीराईटही उरत नाही. आपल्या धंद्यातही कितीजण या गाफीलपणाने बुडाले!

आपण काय करावे?

प्रत्येक घरी यंत्र घेण्याची मुळीच गरज नाही. बहुतेक घरी ते सहा महिन्यांनी धूळ खाते. चार घरांत मिळून एक असावे, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचे दार संध्याकाळी उघडावे. व्यापारी संघटनांनी एखाद्या रिकाम्या गाळ्यात दोन यंत्रे ठेवून पाहावीत. पण त्या गाळ्यात केवळ संगणकाची मुले बसवू नयेत. कार्ड पंच करणारे, चौकटीच्या कागदावर नक्षी काढणारे, जरीकाम करणाऱ्या भगिनी, उरलेसुरले कातिब आणि सुतार यांना मानाने आणि मजुरी देऊन बोलवावे. मुलांच्या हाती यंत्र आहे, यांच्या हाती नक्षी आहे. यंत्र दरवर्षी स्वस्त होत आहे. या लोकांची संख्या मात्र दरवर्षी घटत आहे.

आणि ज्या मुलाला काहीच विकावयाचे नाही, केवळ करीत बसावयाचे आहे, त्याला बसू द्यावे. आमच्या भाच्याने पहिल्या वर्षी हत्ती आणि घोडे केले नसते, तर चौथ्या प्रयत्नात ठसा झाला नसता. दुकानदाराला प्रत्येक गोष्टीचा भाव विचारण्याची सवय असते. आम्हालाही आहे, आणि तिच्यापायी आम्ही एक कातिब गमावला आहे. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की घरातील मुलाने असे काही करून आणले तर आधी ती वस्तू हातात घ्यावी, उलटसुलट करून पाहावी, आणि भाव त्यानंतर विचारावा.